तिचा फोन, माझं तोंड

आमची आई दार्जिलिंगकडची, बाबा इथले, नागपुरातल्या हुडकेश्वरचे. आम्हा दोघी बहिणींचे डोळे आईसारखे: वरची पापणी सपाट, घडी नाही. सीताबर्डीला ओढणी घ्यायला गेलो की दुकानदार हिंदीत सुरू. मी भांडायचे, "भाऊ, नागपूरचीच आहो मी!" धाकटी गप्प राहायची. आई गेल्यावर अख्ख्या नागपुरात हे तोंड आमच्या दोघींचंच उरलं. इतकं सारखं, की तिचा फोन माझ्या चेहऱ्यानंही उघडायचा. मी तिचे मेसेज वाचायचे, ती चिडायची.

मग तिनं पापणीला घडी पाडून घ्यायचं ठरवलं.

"काहून वं?"

"मले कंटाळा आला ताई, कुठची म्हणून सांगत बसायचा."

कंटाळा म्हणे, डोंबल! तरी गेले तिच्यासोबत दवाखान्यात.

डॉक्टरांनी वाकवलेल्या बारीक तारेनं तिची पापणी दाबून घडी कुठे पडेल ते आरशात दाखवलं. काहींचं नुसत्या टाक्यांवर भागतं. हिची पापणी जाड, म्हणून चीर देऊन थोडी चरबी काढायची आणि कातडी आत शिवायची. पापणी तेवढी बधिर, धाकटी जागीच. मध्येच बसवून, डोळे उघडायला लावून दोन्ही घड्या जुळतात का ते बघणार. "तुम्हीपण करून घ्या सोबतच," ते मला म्हणाले. राग यायला हवा होता, आला नाही. ऑपरेशनच्या दिवशी ती आत असताना बाहेर बाकावर चहा प्याले. गोड होता की नाही, आठवत नाही.

ती बाहेर आली, डोळे सुजलेले. दुखतं का विचारलं, तर म्हणाली, "काहीच नाही वाटून राहिलं." मलाही काहीच वाटत नव्हतं. रिक्षा बोलवायला तिनं फोन तोंडासमोर धरला. उघडेना. मग माझ्याकडे वळवला, "ताई, तू बघ ना वं." लगेच उघडला. दोघी हसलो.

सूज उतरली. घड्या छान पडल्या. फोनही तिच्या नव्या तोंडाला सरावला. दुकानदार आता तिच्याशी मराठीत बोलतो. खरंच बोलतो, मेला.

परवा ती आंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजून थांबला. सवयीनं मी तो उचलून समोर धरला. उघडला नाही. पदरानं पुसला, खिडकीच्या उजेडात धरला, डोळे ताणून मोठे केले. तेव्हा कुठे मला रडू आलं.

"ताई, कोणाचा फोन होता?" तिनं आतून विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मले ओळखूनच नाही राहिला तो."