पापागूतला वाढदिवस

अथेन्सजवळच्या एका शांत उपनगरात आता आमच्या कुटुंबाला सगळे ओळखतात. ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नाही.

आम्ही राहतो मेलबर्नच्या क्रेगीबर्नमध्ये. आमच्या शेजारी दिमित्राकाकू राहतात. तरुणपणी ग्रीसहून आल्या, त्या इथल्याच झाल्या. कुंपणावरून आमची देवाणघेवाण चालते. त्यांच्याकडून लिंबं येतात, आमच्याकडून थालीपीठ जातं. (त्या थालीपिठावर चीज घालून खातात. आईला आम्ही हे सांगितलेलं नाही.) काकूंनी मला ग्रीक शिकवायचाही प्रयत्न केला, पण माझ्या डोक्यात एकच वाक्य शिरलं. ‘ख्रोन्या पोला!’ म्हणजे पुष्कळ वर्षं जगा. सणाला, वाढदिवसाला, कुणालाही म्हणावं.

माझी बायको मंजिरी हॉस्पिटलमध्ये संशोधन करते. तिची कॉन्फरन्स अथेन्सला निघाली, तेव्हा पुण्याहून आई आमच्याकडे आलेली होती. मग आई, मी आणि आमची सात वर्षांची ईरा असं सगळं बिऱ्हाडच निघालं. हे कळल्यावर दिमित्राकाकू टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. पितळेची, हाताने फिरवायची, कॉफी दळायची गिरणी होती.

“ही आमच्या आईची,” त्या म्हणाल्या. “मी ऑस्ट्रेलियाला येताना उचलून आणली. तेव्हापासून माझी बहीण व्हूला मला चोर म्हणते! आता मला विमानप्रवास झेपत नाही. समीर, ही तू स्वतः तिच्या हातात दे. दुसऱ्या कुणाच्या नाही.”

“नो वरीज!” मी म्हणालो.

व्हूलाबाई राहतात ते उपनगर म्हणजे पापागू. हे नाव ऐकून आईने चमचा खाली ठेवला. “असलं कसलं रे नाव? चारचौघांत सांगायचं कसं?” त्यानंतर सबंध प्रवासात आई त्या गावाला ‘ते तुमचं पापा-बिपा’ एवढंच म्हणत होती. ईराने मात्र विमानात शेजारच्या बाईंना आम्ही कुठे जातोय ते तीनदा सांगितलं.

रविवारी व्हूलाबाईंनी जेवायला बोलावलं होतं. मंजिरीचं शेवटचं सत्र बाकी होतं, म्हणून ती मागून टॅक्सीने येणार होती. निघताना ती म्हणाली, “फोनवर मॅप लावून जा.”

“अगं, ग्रीक माणसं फार अगत्यशील असतात. विचारत विचारत जाण्यात मजा आहे,” मी म्हणालो. (आमच्या घरातली सगळी संकटं ‘त्यात मजा आहे’ या तीन शब्दांनी सुरू होतात.)

पापागू इतकं शांत होतं की टॅक्सीचं दार लावताना मला संकोच वाटला. क्रेगीबर्नमध्ये रविवार म्हणजे कुणाचं तरी गवतकापणी यंत्र घरघरत असतं. इथे पाइनची झाडं, बोगनवेली, नीटनेटक्या दुमजली इमारती आणि भिंतीवर निवांत झोपलेली मांजरं. जुन्या काळी लष्करी अधिकाऱ्यांसाठी वसवलेलं गाव, त्यामुळे झाडंसुद्धा सावधानमध्ये उभी होती. आई कुजबुजायला लागली. “अरे समीर, इथे माणसं राहतात ना?”

घरांचे नंबर बोगनवेलीखाली गडप झालेले. एक गृहस्थ पाइपने झाडांना पाणी घालत होते. मी डाव्या हाताच्या घराकडे बोट दाखवून विचारलं, “व्हूला?”

“ने, ने!” ते म्हणाले.

नाही म्हणतायत, मला कळलं. मी उजवीकडच्या घराकडे बोट केलं. “मग इथे? व्हूला?”

त्यांनी भुवया उंचावल्या, हनुवटी झटकन वर केली आणि ‘त्स्’ असा आवाज केला.

“बघ आई,” मी म्हणालो, “वरच्या मजल्यावर!”

ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. आणि हनुवटी वर करून ‘त्स्’ म्हणजे ‘नाही’. हे जगातल्या प्रत्येक गाइडबुकात पहिल्या पानावर असतं असं मंजिरीने मला नंतर सांगितलं. बऱ्याचदा सांगितलं.

वरच्या मजल्याचं दार सताड उघडं होतं. आत बरीच माणसं बसलेली. सगळ्यांच्या अंगात काळे कपडे. आता, मेलबर्नमध्ये राहणाऱ्या माणसाला काळ्या कपड्यांचं काहीच वाटत नाही. आमच्याकडे काळे कपडे म्हणजे शोक नव्हे, बुधवार! मधल्या सोफ्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. याच व्हूलाबाई! मी दोन्ही हात पसरून पुढे झालो.

“ऑस्ट्रेलिया!” मी ओरडलो. “मेलबर्न!”

खोलीत एकदम हालचाल झाली. “आफ्स्त्रालिया! मेल्वूर्नी!” एक जाडजूड गृहस्थ उठले, त्यांनी मला मिठी मारली आणि चक्क रडायला लागले. बाईंनी आईचे दोन्ही हात धरले. मलाही भरून आलं. काय ही माया!

(या घरातल्या यजमानांचे भाऊ मेलबर्नला असतात. त्यांनीच आम्हाला पाठवलं, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. मेलबर्नला नातेवाईक नसलेलं ग्रीक घर शोधून सापडत नाही, त्याला मी काय करणार?)

आम्हाला बसवलं. कॉफी आली, टोस्टसारखं काहीतरी आलं, इवल्या पेल्यात ब्रँडी आली. आईने ती औषध समजून घेतली. तेवढ्यात ईराने माझी बाही ओढली.

“बाबा, इज दॅट अ केक?”

टेबलावर मोठ्या ताटात पांढऱ्याशुभ्र पिठीसाखरेचा गोल होता. त्यावर चांदीच्या गोळ्यांची नक्षी, एक अक्षर आणि मधोमध पेटलेली मेणबत्ती!

“कुणाचातरी वाढदिवस आहे वाटतं,” मी आईला म्हणालो.

“मग एवढे गप्प का बसलेत सगळे? आणि कोपऱ्यात ते दाढीवाले, काळ्या झग्यातले कोण?”

“पाद्री असतील. आपल्याकडे नाही का, ऐंशी पूर्ण झाली की सहस्रचंद्रदर्शनाला गुरुजी बोलावतात!”

आईला पटलं. आई म्हणाली, “पण सहस्रचंद्रदर्शनाला काळे कपडे? काय बाई रीत एकेकांची!”

पार्टी फारच थंड चालली होती. मला वाटलं, एवढ्या लांबून आलोय तर आपणच थोडा जीव आणावा. आधी मी टॉवेल सोडला आणि पितळी गिरणी बाईंच्या हातात ठेवली. “मामा!” मी म्हणालो. म्हणजे, तुमच्या आईची. बाईंनी गिरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गिरणीकडे पाहिलं आणि ती छातीशी धरून हुंदके द्यायला लागल्या. काम फत्ते! दिमित्राकाकूंना काय आनंद होईल!

मग मी हातवारे करून विचारलं, वाढदिवस कुणाचा? ‘कोण, कोण?’ करत ताटाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी कपाटावरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत गणवेशातले एक रुबाबदार कर्नल होते.

“कुठे आहेत ते?” मी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बहुधा बाथरूममध्ये असतील! मी फोटोसमोर उभा राहिलो, एक कडक सॅल्यूट ठोकला आणि होतं नव्हतं तेवढं ग्रीक पणाला लावून खणखणीत आवाजात म्हणालो,

“ख्रोन्या पोला!”

आणि त्याच क्षणी ईराने गाल फुगवून मेणबत्ती विझवली. टाळ्या वाजवल्या. एकटीने. आईनेही दोन वाजवल्या, नातीला वाईट वाटू नये म्हणून.

पापागू शांत आहे असं मला मघाशी वाटलं होतं. ती शांतता नव्हेच. शांतता काय असते ते मला आत्ता कळलं.

कोपऱ्यातले पाद्री हळूच उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अस्सल ऑस्ट्रेलियन हेल काढून म्हणाले, “मेट. जरा बाहेर येतोस?”

हे फादर तरुणपणी बरीच वर्षं मेलबर्नच्या चर्चमध्ये होते. जिन्यात त्यांनी मला शांतपणे समजावलं. कर्नलसाहेब वारले. आज त्यांचा चाळिसावा दिवस, म्हणजे आपल्याकडच्या तेराव्यासारखा विधी. ताटात केक नव्हता, मृताच्या नावाने चर्चमध्ये वाटतात ते उकडलेल्या गव्हाचं नैवेद्यासारखं काहीतरी होतं.

“मला... मला फक्त तेवढंच ग्रीक येतं, फादर,” मी कसाबसा म्हणालो.

“उच्चार फारच छान आहेत, मेट,” ते म्हणाले. “तीच तर अडचण झाली.”

“आणि व्हूलाबाई?”

“व्हूला समोर राहते. आतल्या बाई कातीना, कर्नलच्या पत्नी. त्या दोघी कित्येक वर्षांत एकमेकींशी बोललेल्या नाहीत. एकदा दुपारच्या झोपेच्या वेळी व्हूलाने रेडिओ लावला, तर कर्नलने पोलीस बोलावले होते.”

मी आत जाऊन कातीनाबाईंसमोर दोन्ही हात जोडले.   एका हाताने ईराला ओढलं, दुसऱ्याने आईला, आणि जिना उतरलो.

खाली आल्यावर आई म्हणाली, “अरे, आणि ती गिरणी?”

गिरणी वरच होती. कातीनाबाईंच्या मांडीवर.

“जा, घेऊन ये,” आई म्हणाली.

“आई, चाळिसाव्याला विधवा बाईच्या हातून भेट परत काढून घेऊ? काय म्हणू? आमची चूक झाली, तुमचं दुःख चालू द्या, पितळ तेवढं द्या?”

 तेवढ्यात समोरच्या बाल्कनीतून हाक आली. “समीर! तू तिथे काय करतोयस?”

बाल्कनीत मंजिरी उभी होती. मागून निघून, मॅप लावून, ती आमच्या आधी तिथे पोचली होती. तिच्या शेजारी एप्रन घातलेल्या, दिमित्राकाकूंसारख्याच नाकाच्या एक बाई होत्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. आम्ही नेमके कुठल्या दारातून बाहेर पडलो, ते त्यांनी पाहिलं होतं.

व्हूलाबाई विमानतळावर नोकरी करायच्या, त्यामुळे त्यांना इंग्लिश उत्तम येत होतं. माझं दुर्दैव! त्यांना काहीच कळलं नसतं तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. सॅल्यूट सांगितला, मेणबत्ती सांगितली, आणि शेवटी, टेबलक्लॉथकडे बघत, गिरणी सांगितली. मंजिरीने डोळे मिटून घेतले. तिने ते बराच वेळ उघडले नाहीत.

 व्हूलाबाईंनी भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या वाढल्या. सकाळपासून खपून, खास आईसाठी मांसाशिवाय केलेल्या. आम्ही तर समोरून टोस्ट, ब्रँडी खाऊन-पिऊन आलेलो. तरी मी तीन टोमॅटो संपवले. प्रत्येक घास प्रायश्चित्त म्हणून गिळला.

जेवण झालं. व्हूलाबाई उठल्या, एप्रन सोडला, काळा स्वेटर चढवला आणि दाराबाहेर पडल्या. आम्ही बाल्कनीतून पाहत राहिलो. रस्ता केवढा, चार ढांगांचा. पण त्या मध्येच थांबल्या. परत फिरणार असं वाटलं. मग पुढे गेल्या आणि समोरच्या दारात दिसेनाशा झाल्या.

“आता भांडण होणार,” मी म्हणालो.

“तू बोलू नकोस,” मंजिरी म्हणाली.

भांडणाचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने समोरून हसण्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग पुष्कळांचा. मला आयुष्यात कुठल्याही हसण्याने एवढं बरं आणि एवढं वाईट एकाच वेळी वाटलेलं नाही.

व्हूलाबाई परतल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात गिरणी होती.

“कातीनाने ओळखली होती,” त्या म्हणाल्या. “आमची आई हिच्यातच तिच्यासाठी कॉफी दळायची. ती म्हणाली, मला वाटलं तूच पाठवलीस.” मग त्या म्हणाल्या, “आज सकाळपासून पडद्यामागून बघत होते मी. सगळी गल्ली गेली. मला काही जाववेना.”

आईला इंग्लिश फारसं कळत नाही, पण हे कळलं. तिने उठून व्हूलाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

“आणि माझ्याबद्दल काय म्हणाल्या?” मी न राहवून विचारलं.

“तुझ्याबद्दल?” व्हूलाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तिने विचारलं, त्या माणसाला बरं आहे ना?”

घरी परतताना विमानात मी मनाशी ठरवलं, दिमित्राकाकूंना एवढंच सांगायचं की गिरणी पोचली. ते खरंही होतं. मधल्या थांब्याबद्दल बोलायची काय गरज? पण सकाळी कचऱ्याचा बिन बाहेर काढायला गेलो, तर काकू कुंपणाशी उभ्या होत्या. आम्ही पापागूहून निघालो तेव्हा टॅक्सी कोपऱ्यावर वळायच्या आतच बहिणीचा फोन त्यांना आला होता. कितीतरी वर्षांनी दोघी बहिणी तासभर बोलल्या होत्या. पैकी पाच मिनिटं गिरणीबद्दल, बाकी माझ्याबद्दल.

“काकू, आय अॅम सो सॉरी,” मी मान खाली घालून म्हणालो.

काकूंनी कुंपणावरून हात घालून माझा गाल थोपटला. “नाही रे समीर, तुझ्यामुळे केवढं चांगलं झालं! व्हूला आणि कातीना आता रोज एकत्र कॉफी पितात.”

मला जरा धीर आला. मी मान वर केली.

“आता मला तिला आईचे कपसुद्धा पाठवायचेत,” काकू म्हणाल्या.

“द्या की! आम्ही पुन्हा कधीतरी...”

“नको, नको,” काकू अतिशय प्रेमाने म्हणाल्या. “काचेचे आहेत. ते मी पोस्टाने पाठवीन.”