लेखाखाली गावाचं नाव

धुरपता,

मायना घालत नाही. एवढ्या वर्षांनी कोणता घालावा ते सुचत नाही. कॉलेजवाल्यांना स्मरणिका काढायची आहे आणि तिच्यात ‘बांधी’चा इतिहास हवा आहे. कधी सुरू झाली, किती अंक निघाले, फोटो कोणाकोणाचे. मी म्हटलं, ते सगळं कारकुनाकडून घ्या. ‘बांधी’चं खरं काय झालं असं विचाराल, तर मला तुझी गोष्ट सांगावी लागेल. तुला विचारलेलं नाही. रागावलीस तर रागाव. आता चारचौघांना सांगायचं म्हणून तुला ‘ती’ म्हणते आणि स्वतःला ‘मॅडम’. तुम्ही सगळे तेच म्हणायचात.

तर धुरपता. आजीचं नाव नातीला ठेवलेलं, त्यामुळे वर्गातल्या रिंकी-रीतांमध्ये ती एकटी जुन्या काळातली वाटायची. गाव कवलीटोला, सालेकशाच्या पुढे जंगलाच्या पोटात, तीस-पस्तीस घरांचं. बाप बकाराम दुसऱ्याची धानाची शेती ठेक्यानं करायचा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा. धुरपता पहाटे सायकलनं सालेकशाला यायची आणि तिथून पॅसेंजरनं गोंदियाला. त्या गावातून दहावीपुढे शिकलेली ती पहिलीच.

‘बांधी’ निघाली नव्व्याण्णव साली, जिल्हा वेगळा झाला तेव्हा. धानाच्या शेताच्या एका तुकड्याला आपल्याकडे बांधी म्हणतात, म्हणून ते नाव. परीक्षा विभागाचं जुनं सायक्लोस्टाईल यंत्र, चार पानं, महिन्याला एक अंक, आणि सगळ्यांच्या बोटांना शाई. रेल्वेच्या पासाला सही का मिळत नाही, हॉस्टेलात पाणी का नाही, निकाल का अडकला, असं त्यात यायचं आणि प्राचार्य चिडायचे. म्हणून संपादक टिकेशनं एक पद्धत पाडली. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, फक्त गावाचं घालायचं. मुर्रीची पोरं शंभर, देवरीची वीस; कोण कुणाला शोधणार? अंकाचं काम बघणाऱ्या मॅडमना ही शक्कल इतकी आवडली की स्टाफरूममध्ये त्यांनी ती स्वतःची म्हणून मिरवली. अंक निघाला की गाडीनं जाणारी पोरं आपापल्या स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीच्या फळीवर एक प्रत भाताच्या खळीनं चिकटवायची. गावोगाव ‘बांधी’ वाचली जायची ती अशी.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत धुरपतानं लेख दिला. मथळा ‘आमचे दोन पाहुणे’. दिवसा वर्दीतले येतात, पाणी मागतात, रात्री कोण आलं होतं ते विचारतात. रात्री जंगलातले येतात, भात मागतात, दिवसा कोण आलं होतं ते विचारतात. आई दोघांनाही सांगते, कोणी नाही आलं. एवढाच लेख. मॅडमनी वाचला, हसल्या, “वा!” म्हणाल्या आणि एक शब्द न बदलता स्टेन्सिल कापायला दिला.

शनिवारी अंक वाटला. रिंकी गोंदिया शहरातली. धुरपता डबा खात होती तिथे ती पान फडकवत आली.

“ए, ये तूने लिखा है ना?”

“तुले कोण सांगतलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? नीचे कवलीटोला लिखा है. वहाँ से और कौन आता है? तू ही तो है!”

धुरपतानं डबा मिटला. मुर्रीच्या आड शंभर जण लपत होते. कवलीटोल्याच्या आड लपायला दुसरं कोणीच नव्हतं.

ती धावत मॅडमकडे गेली. “मॅडम, माह्या बाले काही करतील का हो?”

“अगं, चार पानांचा कागद तो! कोण वाचतंय?”

“लोकेंद्र सालेकशात चिकटवते ना. तिथं सगळेच वाचतात. वर्दीवालेही, अन् तेही.”

मॅडमनी चष्मा काढला आणि परत लावला.

लोकेंद्र प्रत घेऊन दुपारच्या गाडीनं गेलेला होता. धुरपता पुढची गाडी धरून निघाली. डब्यात जो कोणी कागद उघडी, त्याच्याकडे ती बघे. सालेकशाला लोकेंद्र टपरीवरच गप्पा मारत उभा.

“काढ तो कागद!”

“काऊन? आत्ताच तं लावलो.”

फळीवर कागद नव्हता. चार कोपरे तेवढे खळीला चिकटून राहिले होते. टपरीवाली अनुसयाबाई कढईवरून मान वर न करता म्हणाली, “मी भजे पाहू का फळी पाहू? नेला असंल कोणी.”

“पाह्य, तुहा लेख भज्यात गेला,” लोकेंद्र हसला. धुरपता हसली नाही. भजी बांधायला कागद ओरबाडतात. हा कोणीतरी सांभाळून काढून नेला होता.

घरी तिनं बापाला सांगितलं. बकाराम निरक्षर, पण त्याला समजायला वेळ लागला नाही.

“लिवलीस तं लिवलीस. गावाचं नाव कायले टाकलीस?”

“माहं नाव लपवाले, बा.”

“अखंड गाव पुढं करून तू मांगं लपून राहिलीस?”

त्यानंतर ती कॉलेजला गेली नाही. कुत्रं भुंकलं की घरातले बोलायचे थांबत. आई चुलीवर नेहमीपेक्षा जास्त भात चढवू लागली; कोण येईल सांगता येत नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी नव्या शर्टातला एक माणूस मोटारसायकलवर आला. विहिरीजवळ थांबून विचारू लागला, “कॉलेजात जाणारी मुलगी कोणाची?”

“माही,” बकाराम म्हणाला. “लगन झालं तिचं. गेली सासरी.”

धुरपता आत धानाच्या कोठीमागे उभी होती. माणसानं मान डोलावली, गाडी वळवली, गेला. कोण होता? विम्याचा एजंट असेल, शिष्यवृत्तीच्या चौकशीला आलेला कारकून असेल. आजवर कळलेलं नाही. पण बाप बोलून बसला होता आणि आता ते खोटं ठरून चालणार नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिला देवरीला रुख्मा आत्याकडे पोचवली, आणि वैशाखात महामार्गावर पंक्चरचं दुकान असलेल्या कवडूशी लग्न लावलं. माणूस भला निघाला, ते नशीब. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तेवढी राहिली.

‘बांधी’च्या पुढच्या अंकात गावांची नावं गाळली. तरी कोणी लिहीना. दोन वर्षांत ती आटोपली. प्राचार्यांनी बंद केली नाही, पोलिसांनी नाही, जंगलातल्यांनीही नाही. पोरांनी आपापल्या गावातली घरं मोजली आणि लेखण्या खाली ठेवल्या.

लग्नाच्याच वर्षी, जुलैत, लोकेंद्रनं मॅडमना धुरपताच्या घरचं सगळं सांगितलं आणि एक चिठ्ठी आणून दिली. धुरपताला देवरीत पुढे शिकायचं होतं, कवडूची ना नव्हती, फक्त आधीच्या कॉलेजचा दाखला हवा होता. ‘टपालानं पाठवू नका, पोस्टमन चौकात नाव घेऊन हाक मारतो. कोणाजवळ देऊ पण नका. तुम्हीच आणा.’

मॅडमनी त्याच दिवशी दाखला काढला. रविवारी स्टँडवर गेल्या. देवरीच्या बसच्या रांगेत मागे नव्या शर्टातला एक माणूस उभा होता. त्या घरी परतल्या. पुढच्या खेपेला बसमध्ये बसल्या, पण कंडक्टरनं “कुठे?” विचारल्यावर तोंडून वाटेतलं आमगाव निघालं. आमगावला उतरल्या, चहा घेतला, मागे कोणी नाही हे तीनदा पाहिलं आणि गोंदियाची बस धरली.

तिसऱ्यांदा त्या स्टँडवर गेल्याच नाहीत. दाखला अजून त्यांच्याकडेच आहे.