खोडलेला 'औंदा'

फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. तास संपल्यावर उलट फोन केला. "शरणार्थ, सर. अप्पा लिंगैक्य झाले, आज सकाळीच," शिवलीला म्हणाली. शिवलीला म्हणजे काशिनाथअप्पांची सून. नांदेडहून कंधार काही सातासमुद्रापार नाही, दुपारपर्यंत पोचलो असतो. पण "परीक्षेची कामं आहेत गं," असं काहीतरी पुटपुटलो आणि अप्पांना माती द्यायला गेलो नाही. त्याचं खरं कारण लिहायला मला पाच आठवडे लागले...

अप्पांची ओळख झाली ती माझ्या पीएच.डी.पायी. मी अर्थशास्त्र शिकवतो. सामाईक पाणी, सामाईक गायरान लोक ओरबाडून संपवतात, हे वर्गात घसा ताणून सांगायचो. कुणीतरी म्हणालं, कंधारकडच्या एका गावात तळ्याचं पाणी लोक भांडणाविना वाटून घेतात, बघून तर या. गेलो. दसरा झाला की तिथले सगळे शेतकरी बांधावर जमायचे. अप्पा चपला काढून तळ्यात उतरायचे, किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजायचे आणि त्यावरून त्या वर्षीच्या पाण्याच्या पाळ्या ठरायच्या. गहू पेरायचा की नुसता हरभरा, तेही तिथंच. मागल्या वर्षी शेवटच्या रानाला पाणी पोचलं नसेल तर या वर्षी सुरुवात तिकडून. बायकाही बोलायच्या, आणि चांगल्या ठणकावून बोलायच्या. माझ्या पुस्तकांत असलं काही नव्हतं.

"अप्पा, नियम नेमका काय?" मी विचारलं.

"औंदा दोन पाळ्या."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या सालचं आत्ताच कसं सांगू, सर? तळ्याला इचारावं लागंल की!"

मी हसलो. मोठा शहाणा ना मी! पुढं गावातली तरुण मंडळी म्हणाली, सर, नियम लेखी करून द्या. अप्पांनी सांगितलं, मी वहीत लिहिलं: 'औंदा प्रत्येक रानाला दोन पाळ्या.' घरी येऊन पक्की प्रत करताना तो 'औंदा' मला गावंढळ वाटला. आणि नियम म्हटला की तो कायमचा हवा, हेच तर मी शिकवत होतो. शब्द खोडला. कागद टाइप करून, लॅमिनेट करून पाठवला, तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. अप्पांना वाचता येत नव्हतं.

पहिली दोन वर्षं पावसानं निभावली. तिसऱ्या वर्षी त्यानं दगा दिला. अप्पा म्हणाले, औंदा एकच पाळी. तळ्याजवळच्या रानवाल्यांनी कागदावर बोट ठेवलं, "सरांनी लिवलंय. दोन म्हंजे दोन!" शेवटच्या रानांपर्यंत पाणी पोचलंच नाही. तळं आटलं, त्याखालची प्यायच्या पाण्याची विहीरही आटली. पुढच्या दसऱ्याला बांधावर कुणी आलं नाही, ज्यानं त्यानं आपापलं बोअर घेतलं. हे सगळं अप्पांनीच मला फोनवर सांगितलं. मी काय म्हणालो? "अरेरे." नुसतं अरेरे! प्रबंधात ते गाव आदर्श म्हणूनच राहिलं आणि मी डॉक्टर झालो. नंतर त्या गावाकडं फिरकायची हिंमत झाली नाही. लाज वाटते.

गेल्या आठवड्यात अखेर गेलो. शिवलीलानं चहा दिला. म्हणाली, "बांधावर कुणी येत न्हवतं, तरी अप्पा दर दसऱ्याला पायऱ्या मोजून यायचे. येऊन मला आकडा सांगायचे." ओसरीवर शेजारचे शंकरमामा बसले होते. त्यांचं रान अगदी शेवटचं, त्या साली हरभरा उभा जळाला होता. ते म्हणाले, "अप्पाला त्या कागदाचं लई लागलं, सर. शेवटपत्तुर म्हणायचा, माझंच चुकलं, मीच सरांला औंदा सांगायचं इसरलो."

अप्पांना खरंच तसं वाटत होतं, की मला झाकायला ते असं म्हणायचे... कोण जाणे. मी तोंड उघडलं. शिवलीला म्हणाली, "अजून घ्या की थोडा." मी कप पुढं केला. चहा पिऊन नांदेडला परत आलो.

शिवलीला, पेपरात छापून आलेला हा लेख शंकरमामांना वाचून दाखव. अप्पा विसरले नव्हते. औंदा म्हणाले होते, दोनदा म्हणाले होते, आणि मी ते नीट ऐकलं होतं.