घरातला कफील

रिफायनरीत माझं काम तारखांचं. कुठला पंप कधी उघडायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी तपासायचा, हे मी वर्षभर आधी सांगत असे आणि चारचौघांत त्याची फुशारकीही मारत असे. त्यामुळे एका शुक्रवारी आमच्या मावशींनी भाकरी थापता थापता विचारलं, "साहेबानू, माझ्या त्या अकाम्याची मुदत कधी संपता?", तेव्हा मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "ते मंदूब बघतो, मावशी. तुम्ही लेकीच्या लग्नाचं बघा."

मंदूब म्हणजे आमच्या कंपनीतर्फे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस. अकामा म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना.

मावशी मूळच्या मालवणकडच्या. बायको जाब्रियातल्या हॉस्पिटलात डॉक्टर, ड्युट्या वेड्यावाकड्या, घरात दोन लहान मुली. इथेच अर्दियात सुतारकाम करणाऱ्या त्यांच्या भावानं आपल्या ह्या विधवा बहिणीचं नाव सुचवलं आणि माझ्या व्हिसावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. आता थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. पुढच्या शुक्रवारचं विमान होतं.

"बघता म्हणजे?" मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. "बघल्यान की बघतलो?"

मी कपाटातून त्यांचा पासपोर्ट काढला. तो माझ्याकडेच असायचा, 'सुरक्षित' म्हणून. अकामा संपून अडीच महिने झाले होते.

मंदूबला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, आपका, मॅडम का, बच्चों का काम कंपनी करती है. घर की बाई के कफील तो आप हो."

कफील म्हणजे परक्या माणसाची सरकारदरबारी सगळी जबाबदारी घेणारा. दहा वर्षं शुक्रवारच्या जेवणावळींत मी या कफील लोकांना यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. आपणही एक आहोत, हे मला तेव्हा कळलं.

परवाना संपलेला असताना मावशी विमानतळावर गेल्या असत्या, तर अडकल्या असत्या. कशाबशा सुटल्या असत्या, तरी परतीचं दार बंद. आणि परत तर त्यांना यायचंच होतं, धाकटीचं नर्सिंग अजून व्हायचं होतं.

दिवसागणिक चढलेला दंड होताच. एका मित्रानं फोनवर सल्ला दिला, "अर्धा तिच्या पगारातून काप. सगळेच कापतात." खोटं कशाला बोलू, एक कप चहा संपेपर्यंत तो विचार माझ्या डोक्यात होता. मी तो बायकोला बोलून दाखवला.

"तू तपासायला विसरलास आणि व्हॉल्व्ह फुटला," ती म्हणाली, "तर दंड व्हॉल्व्हला करतोस का रे?"

रविवारी रजा टाकून जवाझातच्या, म्हणजे परवान्यांच्या कचेरीत गेलो. पगाराचा दाखला इंग्रजीत होता, तो अरबीत हवा. सोमवारी अरबीत नेला, तर विम्याची पावती नव्हती. मंगळवारी सगळं नेलं, तर म्हणाले, बाईला घेऊन या. बुधवारी दोघं गेलो. मावशी लग्नासाठी घेतलेली साडी नेसून आल्या होत्या. "हापिसात जाऊचा तर बरा दिसाक व्हया," म्हणाल्या.

खिडकीमागे चष्मेवाल्या एक कुवेती बाई होत्या. त्यांनी आम्हा चौघांचे परवाने चाळले, मग मावशींचा पाहिला. "ही तुमची कोण?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"घरच्यासारखीच आहे," मी छाती काढून म्हणालो.

"घरातल्या चौघांच्या तारखा बरोबर. हिचीच कशी चुकली?"

मी विम्याची पावती पुढे सरकवली.

बाई मावशींकडे वळल्या आणि 'पगार देतो का' असं काहीसं अरबीत विचारलं. पगार मी दर महिन्याला देत होतो, पण सही घेतलेला एक चिटोराही माझ्याकडे नव्हता. मावशी 'नाही' म्हणाल्या असत्या, तर माझं काही खरं नव्हतं.

मावशींनी पदर सावरला. खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंशी गप्पा मारून त्यांनी कामापुरती अरबी जमवली होती. माझ्याकडे बोट दाखवून त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मआश फी. बाबा ज़ैन. मुख माफी."

पगार देतो. मालक चांगला. मेंदू नाही.

खिडकीमागच्या बाई हसल्या, शेजारच्या कारकुनाला ऐकवून पुन्हा हसल्या, आणि त्या हसण्यातच शिक्का उठला. दंड मी भरला.

बाहेर आल्यावर सवयीनं पासपोर्टसाठी हात पुढे केला.

"ह्यो आता माझ्याकडेच ऱ्हवांदे," म्हणत मावशींनी तो पर्समध्ये टाकला. मी हात खिशात घातला.

शुक्रवारी विमानतळावर मी काचेच्या अलीकडे उभा होतो. पोलिसानं पासपोर्टची पानं उलटली, एका पानावर थांबला, मावशींकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मावशी लगालगा आत गेल्या. वळून पाहिलंसुद्धा नाही. उद्या हळद होती त्यांच्याकडे.