अकलोलीच्या कुंडातला धवला

लेकीच्या हळदीला बाप मांडवात असतो. मी अकलोलीच्या गरम कुंडात गळाभर पाण्यात बसलो होतो, रुसून. त्या सकाळी वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना पहिल्यांदाच शंका आली होती, की देवी माझं ऐकते तरी का? मागणं तर साधं होतं: हे लग्न मोड.

मुलगा दलित, काल्हेरच्या आमच्याच गोदामात सुपरवायझर. आम्ही आगरी, गोदामांच्या भाड्यावर ऐट करणारे. त्याच्या डब्यातलं सुकट मी बोटं चाटत खायचो. लेकीने त्याचं नाव घेतलं आणि मला एकदम जात आठवली. मग भावकीत सांगत फिरलो, कोणी जायचं नाही. आमच्याकडे लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणायला धवलारीण लागते. गावातल्या धवलारीण काकीलाही दम दिला. बायकोने शेवटी तिच्या भावाच्या दारात मांडव घातला. निघताना म्हणाली, "आज आला नाहीत, तर पोर पुन्हा तुमच्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाय."

तरी मी कुंडात. देवीने कौल दिल्याशिवाय उठणार नाही म्हणून, तेही उपाशीपोटी. शेजारचा म्हणाला, "काका, जास्त बसू नका, चक्कर येते." आगऱ्याला पाणी शिकवतो! मी आणखी खोल सरकलो.

वाफेत माणसांची नुसती डोकी तरंगत होती. कोण कुठला, कोणाचा, काही कळेना. हळूहळू माझंही मला कळेनासं झालं. कुठूनतरी ओल्या हळदीचा वास आला, आंब्याच्या डहाळ्या हलल्या. माझी आई धवलारीण होती. तिच्या मांडीवर मी पेंगतोय आणि ती कोणाच्यातरी लेकीसाठी गातेय. कोणाची लेक, ते तिने कधी विचारलं नव्हतं. आवाज जवळ आला, अगदी कानाशी, आणि मग सगळं पांढरं झालं.

डोळे उघडले तेव्हा मी पायरीवर आडवा. डोकं एका अनोळखी माणसाच्या मांडीवर, तोंडाला त्याची पाण्याची बाटली.

"काका, बुडत होता तरी धवला म्हणत होता!" तो म्हणाला. "घरी लगीन हाय का?"

"लेकीची हळद हाय. आज."

"मग हितं काय करता? देवी येनार हाय का तुमच्या बदली मांडवात?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता रडू फुटलं. त्याने मला रिक्षात बसवलं. नाव विचारायचं राहिलं. बाकीचं विचारायचं तर सुचलंच नाही.

वाटेत काकीला फोन लावला. "काकी, मांडवात जा."

"तुज्या फोनची वाट बघत बसू काय? मी कवाची हितंच हाय!"

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मुलाची आई उष्टी हळद घेऊन आली होती. मला बघून मांडवातले सगळे बाजूला सरकले. तीच पुढे आली. "दादा, गंधकाचा वास मारतोय तुम्हाला," म्हणाली, आणि वाटीतली हळद दोन्ही हातांनी माझ्या गालांना फासली. लेक पाटावरून उठली, तशीच पिवळी, आणि गळ्यात पडली.

मागितलं ते मिळालं नाही, याबद्दल देवीचे उपकार कसे फेडू? पूर्वी मला काय हवं ते तिला सांगायचो. आता तिला काय हवं ते विचारतो आणि गप्प उभा राहतो. मला गप्प राहता येतं, यावर घरात अजून कोणाचा विश्वास नाही.