अप्पांचा शेवटचा प्रवेश

मधुकर ताम्हाणेंनी आयुष्य काढलं जासईच्या एका कंटेनर यार्डात, ट्रेलरवाल्यांवर ओरडण्यात. हौस मात्र नाटकाची. सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीत एकांकिका व्हायच्या, त्यात यांच्या वाट्याला कायम हवालदार, नाहीतर भटजी. त्यामुळे रिटायर झाल्यावर सेक्टरातल्या छोट्या नाट्यगृहाच्या हिवाळी सीझनसाठी दिग्दर्शक अभिरामने त्यांना अप्पांचं काम दिलं, तेव्हा स्वारी हवेतच होती. नाटकभर घरातले सगळे अप्पांना शिव्या घालतात आणि अगदी शेवटच्या प्रवेशात अप्पा स्वतः दारातून आत येऊन पोराला सांगतात, की मी घर का सोडलं. नाटकाचा जीवच तिथे. मधुकररावांच्या बायकोचं, नंदिनीताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बिचारीने पलंगावर पडल्या पडल्या ते भाषण त्यांच्याकडून घोटून घेतलं.

दर शनिवारी प्रयोग. पण आपल्याकडे सत्काराशिवाय पडदा वर जाईल तर शपथ. आधी नाट्यगृहाला एसी देणारे श्यामसुंदरशेठ, मग शेठचे मेहुणे, मग सेक्टरातली यच्चयावत प्रतिष्ठित मंडळी. शाल, नारळ, फोटो. 'दोन शब्द बोलतो' म्हणायचं आणि माईक सोडायचा नाही. मेली लाजच नाही कुणाला. त्यात शेजारच्या इमारतींच्या तक्रारींमुळे रात्री दहाला माईक बंद म्हणजे बंद.

मग कात्री लागणार कुठे? शेवटाला. दुसऱ्याच शनिवारी अप्पांचं भाषण अर्ध्यावर आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी अप्पा दारातूनच 'माफ कर रे पोरा' म्हणाले आणि पडदा पडला.

"काका, टेन्शन नका घेऊ," अभिराम म्हणाला. "शेठ नाराज झाले तर पुढच्या वर्षी हॉल कोण मिळवून देणार?" वर समोशाची प्लेट पुढे केली. मधुकररावांना त्या समोशाचीसुद्धा किळस आली. लाळघोटे साले सगळे, ते मनात म्हणाले.

सीझनच्या शेवटच्या प्रयोगाला नंदिनीताई पहिल्यांदाच आल्या, लंगडत लंगडत, आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. "आज एक वाक्य जरी कापलंस तर याद राख," मधुकररावांनी अभिरामला बजावलं. त्याने गळ्याची शपथ घेतली. तेवढ्यात शेठ माईकपाशी गेले आणि शाळेत असताना गाजवलेल्या नकला करून दाखवायला लागले. लोक घड्याळ बघत होते आणि टाळ्याही वाजवत होते. ते बघून विंगेत मधुकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दहा वाजायला आले तेव्हा ते पांढरी दाढी चिकटवून तयार उभे होते. पोराचं काम करणाऱ्या निकेशने स्टेजवर मोबाइल कानाला लावला. "काय सांगता? अप्पा गेले?" झालं. अप्पांना फोनवरच उडवलं, तेही त्यांच्या देखत.

पडदा पडला आणि लगेच पुन्हा उघडला. ज्येष्ठ कलावंत मधुकरकाकांचा सत्कार राहिला होता ना! अभिरामने त्यांना जवळजवळ ढकलतच पुढे आणलं. शेठनी खांद्यावर शाल टाकली, म्हणाले, "काका, दोन शब्द."

माईक बंद होता, पण यार्डात कमावलेला आवाज शाबूत होता. आता सोडायचं नाही, मधुकररावांनी ठरवलं. अप्पांचं भाषण, पहिल्या वाक्यापासून, इथेच, या सगळ्यांच्या तोंडावर. नंदिनीताई ओळखून चुकल्या. त्या पुढे सरकून बसल्या, पहिल्या वाक्यासाठी त्यांचे ओठही हलले.

"आदरणीय श्यामसुंदरशेठ," मधुकरराव म्हणाले.

आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत होतं, आणि स्वतःचीच शिसारी येत होती, पण जीभ काही थांबेना. या छोट्या कलावंताची आपण दखल घेतलीत, हे माझं भाग्य. ते शेठच्या दिलदारपणावर बोलले, एसीवर बोलले, मेहुण्यांचंही नाव घ्यायला विसरले नाहीत. सबंध सीझनमध्ये पडली नव्हती एवढी टाळी पडली.

नंदिनीताई उठल्या आणि खुर्च्यांचा आधार घेत घेत दाराकडे निघाल्या. मधुकररावांना ते स्पष्ट दिसलं, तरी ते आभार मानतच राहिले.