स्मृती कमी करण्याचा ठराव

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावच्या वाचनालयाचा बिनपगारी ग्रंथपाल झालो. काम सोपं आहे. कुलूप काढायचं, पुस्तकांवरची धूळ इकडची तिकडे करायची आणि कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त लिहायचं. थकवतं ते शेवटचं. आमची माणसं सभेत वऱ्हाडी बोलतात आणि वहीत शासकीय मराठी मागतात.

वाचनालयात एक संगणक आहे. जेवणाच्या डब्याएवढा, मुद्दाम कमी वीज खाणारा. दुपारी बारा ते चार लाईट नसते, तेव्हा तो अध्यक्षांनी दिलेल्या इन्व्हर्टरवर चालतो. इन्व्हर्टर त्यांनी वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिला. तशी पाटीही दारावर आहे. अक्षरांच्या आतून दिवे लागतात. गावात अंधार असला तरी आपला बाप अंधारात राहू नये, म्हणून ती त्याच इन्व्हर्टरला जोडलेली. तिचं उद्घाटन दीड तास चाललं होतं. मी सतरंजी अंथरली आणि गुंडाळली.

या संगणकाची खरी गरज एकाच व्यक्तीला होती. आमच्या गल्लीतली एक सून सकाळी निंदायला जायची आणि दुपारी येऊन मराठी टायपिंगचा सराव करायची. परीक्षा वाशीमला, पंधरा दिवसांवर. एकदा नापास झालेली. सासूने सांगून ठेवलं होतं, आता नाही निघाली तर टायपिंग बंद, दोन्ही वेळ वावरात. तिला सलग तासभर हवा होता. बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकायची.

मी विषय सभेत मांडला. अध्यक्षांच्या पुण्याच्या भाच्याने फोनवर निदान केलं होतं.

"गुर्जी, त्या डब्यात मेमरीच्या दोन पट्ट्या हायेत," अध्यक्ष म्हणाले. "एका डीपीवर दोन मोटारी टाकल्या का काय होते?"

"फ्यूज जाते," सभा एका सुरात म्हणाली. ज्याने कधी विहिरीवर मोटार लावली त्याला हे शिकवावं लागत नाही.

"मंग? एक काढा. लाईट अर्धी लागन."

मी वहीत लिहिलं, 'विजेच्या बचतीकरिता संगणकातील अतिरिक्त स्मृती कमी करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.' दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी स्वहस्ते पट्टी उपसली. बोटभर लांबीची, हिरव्या रंगाची. टाळ्या झाल्या. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जप्त मुद्देमाल ठेवतात तशी, माझ्या कपाटात ठेवली.

दुपारी सून सरावाला बसली. पाच मिनिटांनी तिने हात थांबवले.

"सर, याले काय झालं? बोटं पुढं चालले अन् अक्षरं मांगून येऊन राह्यले."

मी पाहिलं. तिने 'कार्यालयीन' टाइप करून हात मांडीवर ठेवले होते आणि पडद्यावर 'कार्या' एवढंच पोचलं होतं. बाकीचं सावकाश आलं. आणि चाळिसाव्या मिनिटाला नेहमीप्रमाणे सगळं विझलं.

"पहिले अर्ध्यात बंद पडे," ती म्हणाली. "आता बंद पडेपर्यंत चालतबी नाही. ठराव मस्त झाला, सर."

ठराव माझ्याच हस्ताक्षरात होता.

मंगरूळपीरला संगणक दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. आता त्याचंही डोकं पांढरं होत आलंय. त्याच्याकडे वीज मोजायचा छोटा मीटर होता. मी फोन केला, दोन दिवसांनी तो आला. मीटर संगणकाला लावून त्याने एका पट्टीवर आकडा पाहिला, मग कपाटातली दुसरी बसवून पुन्हा पाहिला. दहा वॅटचे अकरा झाले.

"एक वॅट, सर. याच्यासाठी सभा घेतली?"

"सर्वानुमते."

"पट्टी म्हंजे काई मोटार नाही. तिले किती लागते? मच्छर मारायची मशीन याच्याहून जास्त पेते." मग त्याने संगणक, पडदा, पंखा सगळं बंद केलं आणि मीटर इन्व्हर्टरच्या तोंडाशी लावला. आकडा शून्यावर यायला हवा होता. तो चव्वेचाळीसवर थांबला.

"अजून काय चालू हाय?"

आम्ही खोली पाहिली. काहीच नव्हतं. तो दाराबाहेर गेला, वर बघत उभा राहिला आणि हसत आत आला. भर उन्हात, कुणालाही दिसणार नाहीत असे दिवे पाटीत जळत होते. 'स्मृतिप्रीत्यर्थ' हा शब्द तसा लांबच आहे.

स्मृतीच वीज खाते हे सभेचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही चुकीची उपसली होती.

संध्याकाळी मी अध्यक्षांकडे गेलो. आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं.

"दिवसा पाटी बंद दिसली तं लोक म्हणतीन, पोराले बापाचा विसर पडला. इज्जतीचा सवाल हाय, गुर्जी. सभेत घ्या."

सभा पुढच्या महिन्यात होती, परीक्षा दहा दिवसांवर. मी घरी आलो. माझ्यात आता वाद घालायची ताकद उरलेली नाही. एखादं पत्र लिहिण्याइतकी असेल. सकाळी ती वावरात जाताना दारात थांबली, तेव्हा तिला खरं ते सांगितलं. तिने विळा माझ्या ओट्यावर ठेवला आणि डोक्यावर पदर घेऊन सरळ अध्यक्षांच्या अंगणात गेली. मी मागे गेलो, पण जरा अंतर ठेवून.

"मामाजी, आबाजी दुपारचे काय करत होते?" तिने सासऱ्याच्या वयाच्या अध्यक्षांना विचारलं.

"कोन, माहा बाप? जेवला का झोपे. चारपर्यंत कोनाची हिंमत नव्हती उठवाची."

"मंग आता काहून जागं ठेवता त्याईले?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाकडे पाहिलं.

"झोपू द्या ना बारा ते चार," ती म्हणाली. "मी आवाज नाही करत."

अध्यक्षांनी अडकित्त्याने सुपारी कातरली. मग म्हणाले, "चार वाजता मात्र लावजा, गुर्जी. चारले चहा लागे त्याले."

त्या दुपारी बारा वाजता मी पाटीची पिन काढली. दोन्ही पट्ट्या डब्यात होत्या. ती सव्वा तास बसली. अक्षरं बोटांबरोबर येत होती, आणि उठायची वेळ तिने ठरवली, बॅटरीने नाही. परीक्षा झाली, निकाल यायचा आहे. ती अजून येते, म्हणून मी अजून पिन काढतो.

इतिवृत्तात मात्र स्मृती कमी केल्याचीच नोंद आहे. ती बदलायला सभा घ्यावी लागेल, आणि सतरंजी मलाच अंथरावी लागेल. चार वाजत आलेत. पिन लावून येतो.